यंत्राला मनातलं सांगताना

यंत्राशी माणूस मनातलं का बोलतो? १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझनबाउम यांनी ‘एलायझा’ हा प्रोग्राम तयार केला. समोरच्याचंच वाक्य तो प्रश्न करून परत द्यायचा. तरी लोक त्याच्यापाशी मोकळे झाले. जपानमध्ये इसुमीच्या कोफुकुजी मंदिरात निकामी ‘आयबो’ रोबो-कुत्र्यांसाठी बौद्ध अंत्यविधी झाले. निर्जीव वस्तूशी नातं कसं जोडायचं, हे प्रत्येक संस्कृती आपापल्या परीने ठरवते.

भूम तालुक्यातल्या वाचकांना आपलं उदाहरण घरातच सापडेल: जातं. पहाटे दळताना बायकांनी त्याला देव मानलं, सासरचा जाच आणि माहेरची ओढ त्याच्यापाशी ओव्यांतून सांगितली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बायकांच्या खासगी बोलण्याचा इतका मोठा साठा दुर्मीळच.

जातं उत्तर देत नव्हतं. पण खुंट्याला बहुधा दुसरीचाही हात असे. दुःख तिच्या कानी पडे, तिची ओवी पुढे येई. आजचा एआय सोबती उत्तर देतो. पुढचा शब्द कोणता असावा, याचा अंदाज बांधत तो बोलतो. माणसांना आवडलेल्या उत्तरांवरून शिकल्यामुळे होला हो करण्याकडे त्याचा कल असतो. शिवाय आपलं बोलणं बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जातं.

म्हणून भूममध्ये एआय सोबत्याचा अभ्यास करताना पहिला प्रश्न हा हवा: या सोबत्याशी बोलून माणूस शेजारच्या माणसाकडे वळतो, की त्याच्यापासून तुटतो? मुलामुलींच्या हाती फोन देणाऱ्या प्रत्येक घराने तो आजच विचारावा.