वही कोणाच्या हातात?

पारावर चार माणसे बसली की राजकारण निघतेच. एक म्हणतो, "पाण्याची टाकी बांधली, पण नळाला थेंब नाही." दुसरा म्हणतो, "रस्त्याचे पैसे गेले कुठे?" तिसरा आवाज चढवतो. मग कोणीतरी हळूच म्हणतो, "जरा बेतानं बोला बाबा, कोणी ऐकेल!"

हे "कोणी ऐकेल" म्हणजे काय, ते या पाठात पाहू. सरकार आपले बोलणे ऐकते का? त्याला ते टिपून ठेवता येते का? आणि उलट, आपल्याला सरकारचा हिशेब मागता येतो का? आधी एक जुनी, घडलेली हकीकत सांगतो.

वाड्याजवळचा पहारा

पुण्यात नारायण पेठ आहे. त्या पेठेत केसरी वाडा आहे. पूर्वी त्याला गायकवाड वाडा म्हणत. लोकमान्य टिळकांनी तो १९०५ साली विकत घेतला. टिळक तेथे राहत आणि 'केसरी' वर्तमानपत्र तेथून निघे.

तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांत काय छापून येते, ते वाचायला सरकारने खास माणसे ठेवली होती. मराठी मजकुराचा इंग्रजीत गोषवारा करायचा आणि तो साहेबांपुढे ठेवायचा, हे त्यांचे काम. केसरीतल्या मजकुराबद्दल १८९७ साली टिळकांना दीड वर्षाची कैद झाली. १९०८ साली पुन्हा खटला झाला. या वेळी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवले.

जून १९१४ मध्ये टिळक सुटून पुण्यास आले. लोकांची भेटीसाठी रीघ लागली. तेव्हा सरकारने वाड्याजवळ पोलिसांचा पहारा बसवला. आत कोण गेले, बाहेर कोण आले, त्यांची नावे पोलीस टिपून घेत.

आपण त्या जागी असतो तर काय वाटले असते? गुन्हा केलेला नाही. कोणाला दगड मारलेला नाही. नुसते भेटायला आलो, तरी नाव वहीत गेले! उद्या त्या वहीचे काय करतील, कोणास ठाऊक. असे झाले की माणूस घरी बसणेच पसंत करतो. कोणाला तुरुंगात न टाकताही पहाऱ्याने माणसे गप्प बसवता येतात ती अशी.

भाषणाबद्दल चाळीस हजार

१९१६ साली टिळकांनी बेळगावला आणि अहमदनगरला भाषणे केली. विषय होता स्वराज्य. ही भाषणेही सरकारच्या माणसांनी टिपून घेतली. त्या वर्षी २३ जुलैला टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली. वाड्यात समारंभ चालू होता. त्याच दिवशी सरकारची नोटीस आली.

पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला की टिळकांनी वर्षभर नीट वागण्याची हमी द्यावी. स्वतःचा वीस हजार रुपयांचा मुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन. एकूण चाळीस हजार! त्या काळी ही फार मोठी रक्कम होती.

टिळक हायकोर्टात गेले. त्यांची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली. टिळकांनी भाषणात देवाचा आणि पुजाऱ्याचा दाखला दिला होता. देव वेगळा, पुजारी वेगळा. पुजारी बदला म्हटले म्हणजे देवाचा द्रोह होत नाही. तसेच अधिकाऱ्यांचा कारभार बदला म्हणणे म्हणजे राजद्रोह नव्हे.

९ नोव्हेंबर १९१६ ला हायकोर्टाने मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. मधलीच चार वाक्ये उचलून चालणार नाही, सगळे भाषण मिळून त्याचा अर्थ पाहिला पाहिजे, असे न्यायाधीशांनी धरले.

आज काय आहे?

इंग्रज गेले. २६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना लागू झाली. बोलण्याचे स्वातंत्र्य घटनेने आपल्याला दिले. त्याला काही मर्यादा आहेत. खोटेनाटे बोलून कोणाची बदनामी करता येत नाही. दंगा करायला लोकांना चिथावता येत नाही. पण सरकारवर टीका करणे हा गुन्हा नाही. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की, जोवर हिंसेला चिथावणी नाही, तोवर सरकारवरची कडक टीकासुद्धा राजद्रोह होत नाही.

मग पाळत गेली का? नाही. प्रत्येक सरकारला थोडीफार पाळत ठेवावी लागते. चोर, दरोडेखोर, बॉम्ब ठेवणारे यांच्यावर नजर नको का? हवीच. पण त्याला कायद्याचे कुंपण पाहिजे. कोणाचा फोन ऐकायचा तर वरच्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो, आणि तो हुकूम तपासायला समिती असते. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, माणसाचे खासगी आयुष्य हा त्याचा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात शिरायचे असेल तर कायदा पाहिजे, योग्य कारण पाहिजे, आणि कारणापुरतेच शिरले पाहिजे.

कुंपण घातले म्हणजे काम संपले असे नाही. कुंपणाकडेही अधूनमधून पाहावे लागते, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे?

आता आपली वही

इंग्रजांच्या राज्यात वही सरकारच्या हातात होती, आणि त्यात नावे लोकांची होती. आपल्या राज्यात मालक लोक आहेत. तेव्हा लोकांनीही सरकारची वही पाहिली पाहिजे.

राजस्थानातल्या खेड्यांत हेच घडले. सरकारी कामावरच्या मजुरांना पुरती मजुरी मिळत नव्हती. १९९४ पासून त्यांनी भर सभेत हजेरीपट वाचायला सुरुवात केली. तेव्हा कळले की काही नावे मेलेल्या माणसांची होती! कागदावर ती कामावर येत होती आणि मजुरीही घेत होती. महाराष्ट्रातही अण्णा हजारे आणि इतर कार्यकर्त्यांनी माहितीच्या हक्कासाठी आंदोलने केली. अखेर १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार कायदा देशात लागू झाला.

या कायद्याने काय मिळते ते नीट ध्यानात घ्या.

१. साध्या कागदावर अर्ज करता येतो. तो त्या कचेरीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा.

२. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, मात्र दाखला जोडावा लागतो.

३. माहिती कशाला हवी, हे सांगावे लागत नाही.

४. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे लिहून घ्यायला अधिकाऱ्याने मदत केली पाहिजे. तसे कायद्यातच आहे.

५. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. आले नाही, किंवा अपुरे आले, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्यानेही झाले नाही, तर राज्य माहिती आयोगाकडे जाता येते.

अर्जात "पैसे कोणी खाल्ले?" असे विचारू नये. त्याचे उत्तर कोणी देणार नाही. कागद मागावेत. "आमच्या गावच्या टाकीच्या कामाचे अंदाजपत्रक, ठेकेदाराला दिलेली बिले आणि मोजमाप पुस्तिका यांच्या नकला मिळाव्यात," असे लिहावे. अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नये. दुसऱ्याच्या घरातल्या खासगी गोष्टी उकरण्यासाठी मात्र हा कायदा नाही. आपल्याला जी अब्रू प्यारी, ती शेजाऱ्यालाही प्यारी असते.

एकट्याने जाऊ नये

हे काम नेहमी सोपे असते असे आम्ही म्हणणार नाही. पुणे जिल्ह्यातच तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी नावाचे कार्यकर्ते होते. ते माहितीचा अधिकार वापरून जमिनींच्या व्यवहारांतले गैरप्रकार उघड करीत. १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांचा खून झाला.

म्हणून एकाच माणसाला पुढे करून बाकीच्यांनी घरात बसू नये. पाचदहा जणांनी मिळून विचारावे. मिळालेले कागद ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचावेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तेथे बायकांनी पाण्याचा प्रश्न मांडावा. हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो. गोष्ट गावाने मिळून विचारली की कोणा एकावर राग काढता येत नाही.

आणखी एक. ऐकीव गोष्टीवर कोणाला चोर ठरवू नये. मोबाइलवर आलेला मजकूर खरा धरून पुढे ढकलू नये. आधी कागद पाहावा, आकडे जुळवावेत, मग बोलावे. कागद पाहिल्यावर कधी कधी असेही कळते की सरपंचाची चूक नव्हती, पैसे वरूनच आले नव्हते. तेही तितक्याच मोठ्याने सांगितले पाहिजे.

तुम्ही आता वाचू लागला आहात, सही करू लागला आहात. त्या अक्षरांचा हा मोठा उपयोग आहे. पारावर पुन्हा टाकीची गोष्ट निघाली, तर हळू बोलायचे कारण नाही. कोणाकडून तरी एक कोरा कागद मागून घ्या, आणि तेथेच बसून अर्ज लिहा.