शोळिंगनल्लूरचे पाणी समुद्राला कुठे मिळते?

माझी आत्या चेन्नईत शोळिंगनल्लूरला राहते. आतेबहीण, म्हणजे आमची ताई, बारावीला जीवशास्त्र घेऊन शिकते. तिच्या वर्गाला किनाऱ्याच्या परिसंस्थेवर प्रकल्प होता. हिवाळी सुट्टीत मी तिथेच असल्याने तिच्या गटाची नोंदवही सांभाळायचे काम मला मिळाले. त्यातून जे कळले ते मॅप रीडिंग करणाऱ्या प्रत्येक कॅडेटला आवडेल म्हणून लिहीत आहे.

नकाशा पाहा. शोळिंगनल्लूरपासून समुद्र पूर्वेला जेमतेम तीन किलोमीटर. पावसाचे पाणी सरळ तिकडेच जाईल असे वाटते. पण किनाऱ्यालगतची वाळूची जमीन थोडी उंच आहे, त्यामुळे पाणी वळसा घेते. सुमारे 250 चौरस किलोमीटर भागातले पाणी तळ्या-तळ्यांतून पळ्ळिकरणैच्या दलदलीत येते. तिथून ओक्कियम मडुवू या ओढ्याने बकिंगहॅम कालव्यात आणि कालव्यातून दक्षिणेला मुट्टुकाडू-कोवळमच्या खाडीत. तीन किलोमीटरवरच्या समुद्राला भेटायला पंधरा किलोमीटरहून जास्त प्रवास!

हा कालवा इंग्रजांनी बांधला. त्याचा शहरातला भाग 1877-78 च्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी खोदला गेला. त्याच दुष्काळाने आपल्या दख्खनलाही होरपळले होते.

ताईच्या गटाने या वाटेवर ठिकाणे ठरवून प्रत्येक ठिकाणी पाण्याची क्षारता मोजली. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. खाडीत गोडे आणि खारे पाणी मिसळते आणि त्या मिश्रणावरच कोणते मासे, खेकडे, शिंपले तिथे राहतील हे ठरते.

काठावर एक मीटरची चौकोनी चौकट ठेवून आतली खेकड्यांची बिळे मोजायची. चौकट दोरी ताणून ठराविक अंतरावरच ठेवायची, बिळे दिसतील तिथे नाही. मला हे आधी विचित्र वाटले. पण भरलेल्या जागाच निवडल्या तर सगळा किनारा भरलेला दिसेल. म्हणून काही नसले तर शून्य लिहायचे. माझ्या वहीत शून्ये बरीच होती आणि मॅडमनी तीच आधी तपासली.

दलदलीत मात्र मोजणी सोडून बघत बसावेसे वाटते. चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या, हिवाळ्यात रोहित पक्षी. 2022 मध्ये पळ्ळिकरणैला रामसर यादीत स्थान मिळाले. त्याच दलदलीच्या कडेला पेरुंगुडीचा कचरा डेपो आहे आणि आजूबाजूला इमारती उठल्या आहेत. गंमत म्हणजे समुद्राचा अभ्यास करणारी राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थाही पळ्ळिकरणैतच आहे.

दलदल स्पंजसारखी पाणी धरते आणि हळूहळू सोडते. ती आक्रसली की पाणी घरांत शिरते. डिसेंबर 2015 च्या पुरात हा सगळा परिसर बुडाला. विमानतळ बंद पडला, तेव्हा अरक्कोणमच्या नौदल तळावरून, आयएनएस राजाळीवरून, प्रवासी विमाने सोडावी लागली. लष्कराचे जवान बोटी घेऊन रस्त्यांवर उतरले होते. आत्या त्या दिवसांबद्दल अजूनही फार बोलत नाही.

शेवटचे ठिकाण खाडीचे मुख. चेन्नईत मोठा पाऊस जूनमध्ये नाही, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. तेव्हा पुराचे पाणी मुखातली वाळू फोडून समुद्रात जाते. नंतर प्रवाह मंदावतो, लाटा वाळू आणून टाकतात आणि उन्हाळ्यापर्यंत मुख अरुंद होते किंवा बंदच होते. मग भरतीचे पाणी आत येत नाही आणि समुद्रातून खाडीत येणाऱ्या माशांच्या पिल्लांची वाटही अडते. आम्ही गेलो तेव्हा मुख उघडे होते. ताईचा गट मार्चमध्ये त्याच ठिकाणी, त्याच चौकटीने पुन्हा मोजणी करणार आहे. आकडे पाठव म्हणून मी तिला सांगून ठेवले आहे.