छातीतली घरघर, घरातली घुसमट

साठच्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात दम्यावर एक अजब प्रयोग झाला. दमा असलेली २५ मुलं निवडली गेली. अशा मुलांना एरवी घरातून हलवून रुग्णालयात ठेवत. इथे नेमकं उलटं केलं. मूल आपल्या घरातच राहिलं. तोच पलंग, तीच उशी, तीच धूळ, तीच शाळा. बाहेर गेली ती माणसं. आई-वडील आणि भावंडं दोन आठवडे हॉटेलात राहायला गेली आणि मुलाकडे बघायला एक परकी बाई घरात आली.

या खटाटोपामागे एक जुना वाद होता. रुग्णालयात आणलं की दम्याची अनेक मुलं थोड्याच दिवसांत सुधारतात आणि घरी परतली की पुन्हा धापा टाकू लागतात, हे बालरोगतज्ज्ञांनी कधीचंच पाहिलं होतं. पण ही सुधारणा कशामुळे? घरची धूळ सुटली म्हणून, की घरची माणसं सुटली म्हणून? न्यूयॉर्कचे डॉ. मरे पेश्किन यांचा कौल माणसांच्या बाजूने होता. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना आई-वडिलांपासून दूर, डेन्व्हरच्या निवासी संस्थेत दीर्घकाळ ठेवावं, असं ते सांगत. या उपायाला त्यांनी नाव दिलं होतं ‘पॅरेंटेक्टॉमी’. टॉन्सिल काढतात, तसे पालक काढून टाकायचे! शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर तर दम्याची धाप म्हणजे आईसाठी दाबून ठेवलेलं रडणं, असं मानत. थोडक्यात, मुलाला धाप लागली की बोट आईकडे.

डेन्व्हरच्या प्रयोगाचे निष्कर्ष केनेथ पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. प्रयोगाआधीच पालकांशी बोलून मुलांचे दोन गट पाडले होते. १३ मुलांचा दमा भावनिक ताणाने उसळतो असा अंदाज होता, उरलेल्या १२ जणांचा तसा नव्हता. घर रिकामं झाल्यावर त्या १३ मुलांची घरघर कमी झाली, त्यांना औषधंही कमी लागली. कुटुंब परतल्यावर त्रासही परतला. बाकीच्या १२ मुलांमध्ये मात्र फारसा फरक दिसला नाही. आईला दोष देणाऱ्यांनी यातले १३ तेवढे उचलले. १२ मुलांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

आपल्याकडे आईला बोल लावायला मनोविश्लेषकांची गरज पडत नाही. ‘गरोदरपणी दही खाल्लंस’, ‘थंडीत केळं कशाला दिलंस’, ‘केस ओले ठेवलेस’ अशी यादी घरोघरी तयारच असते. त्यात आता ‘तुझ्या टेन्शनमुळेच पोराला दमा झाला’ या वाक्याची भर पडू लागली आहे. म्हणूनच घरातला ताण आणि मुलांचा दमा यांच्यात संबंध आहे का, असेल तर नेमका कसा, हे नीट समजून घ्यायला हवं.

दमा हा मनाचा खेळ नाही. फुप्फुसांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना आतून सूज असते आणि त्या अति संवेदनशील झालेल्या असतात. गादीतले डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे, परागकण, धूर, थंड हवा किंवा साधी सर्दी, काहीही निमित्त पुरतं. मग नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येतो. आई-वडिलांपैकी कुणाला दमा, शिंका किंवा त्वचेची ॲलर्जी असेल, तर मुलाला धोका जास्त. इथवर वाद नाही. मात्र एकाच इमारतीतल्या, तीच हवा घेणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचीच छाती का भरते, याचं उत्तर केवळ धूळ आणि आनुवंशिकता यांतून मिळत नव्हतं.

बॉस्टनच्या डॉ. रोझलिंड राइट यांनी इथे काळाचा क्रम तपासला. ॲलर्जी किंवा दम्याचा इतिहास असलेल्या कुटुंबांतली ४९६ बाळं त्यांच्या अभ्यासात होती. बाळ दोन-तीन महिन्यांचं असताना, म्हणजे छातीचा त्रास सुरू होण्याआधीच, सांभाळणाऱ्या पालकाला किती ताण जाणवतो याची नोंद झाली. ज्या घरांत ताण जास्त होता, तिथल्या बाळांना पहिल्या १४ महिन्यांत घरघरीचा त्रास अधिक वेळा झाला. घरातलं धूम्रपान, स्तनपान, धुळीतले ॲलर्जीकारक घटक, छातीचा संसर्ग हे सगळं हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचं महत्त्व त्या क्रमात आहे. आजारी मुलामुळे आई चिंतेत असते, हे तर खरंच. इथे चिंता आधी होती, आजार नंतर आला.

तरीही शंका उरतेच. ताणाखाली जगणारी कुटुंबं इतरही अनेक बाबतींत वेगळी असतात. ताण चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाही. पण एकदा निसर्गानेच तो वाटला. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात बर्फाळ पावसाचं भयंकर वादळ झालं. विजेचे खांब कोसळले, ऐन थंडीत लाखो लोक अंधारात राहिले. काहींची वीज काही तासांत आली, काहींची महिन्याभरानेही नाही. कुणाच्या वाट्याला किती हाल आले हे स्वभावावर वा पैशावर नव्हे, बरंचसं नशिबावर ठरलं. त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांची मुलं संशोधकांनी पुढे अनेक वर्षं तपासली. ज्या मातांवर वादळाचा ताण जास्त होता, त्यांच्या मुलींमध्ये घरघर आणि दमा अधिक आढळला. मुलग्यांमध्ये मात्र नाही. दम्यासाठी तपासलेल्या मुलांची संख्याही लहान होती, त्यामुळे हा पुरावा जपूनच वापरायला हवा. एक गोष्ट मात्र इथे स्वच्छ दिसते : वादळ आणायला कुठलीच आई जबाबदार नव्हती.

ताण फुप्फुसापर्यंत पोचतो कसा? संकटात शरीर कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतं. एरवी ते सूज आटोक्यात ठेवतं. पण ताण महिनोन् महिने चालला की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. ग्रेगरी मिलर आणि एडिथ चेन यांनी २००६ मध्ये दमा असलेल्या ३९ आणि निरोगी ३८ मुलांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या. घरी कायमची ओढाताण आणि त्यातच अलीकडे एखादा मोठा धक्का, असं दुहेरी ओझं असलेल्या दमेकरी मुलांमध्ये कॉर्टिसॉलचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहीच्या जनुकाची सक्रियता साडेपाच पटींनी कमी होती. दुसरी एक ग्राही, बीटा-२, तिची साडेनऊ पटींनी. दम्याच्या उपचारांत याच दोन ग्राहींना महत्त्व आहे. रोज घ्यायचा, सूज उतरवणारा स्टिरॉइडचा पंप पहिलीवर काम करतो आणि अटॅकच्या वेळी घ्यायचा साल्ब्युटामॉलचा पंप दुसरीवर. अभ्यास छोटा आहे, तोही रक्तपेशींवरचा. ताण असला की पंप निकामी होतो, असा अर्थ त्यातून मुळीच काढू नये. पण औषध चालू असूनही काही मुलं का उसळतात, याचा एक धागा इथे सापडतो.

आता पुन्हा धूळ की माणसं या वादाकडे. दक्षिण कॅलिफोर्नियात पाच ते नऊ वर्षांच्या २,४९७ मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा झाला. सुरुवातीला यांपैकी कुणालाही दमा नव्हता. रहदारीच्या धुराने नव्याने दमा होण्याचा धोका वाढला, पण ज्यांचे पालक जास्त ताणाखाली होते त्या मुलांमध्ये तो कितीतरी अधिक वाढला. एकट्या ताणाने धोका वाढल्याचं दिसलं नाही. म्हणजे ताण धुराची जागा घेत नाही, तो धुराला धार लावतो. ही दोन्ही संकटं बहुधा एकाच पत्त्यावर राहतात, हे सांगायला संशोधक नकोत. हमरस्त्याला लागून असलेली, भाड्याची, एका खोलीची घरं कुणाची असतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

सुरुवातीच्या वर्षांतलं वातावरण नेहमी अपायच करतं असं नाही. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज वंशाने, आहाराने, राहणीने बरेच सारखे. आमिशांच्या मुलांत दमा सुमारे ५ टक्के, हटराइटांच्या मुलांत २१ टक्के. मोठा फरक शेतीच्या पद्धतीत आहे. आमिशांचा गोठा घराला लागून आणि मुलं लहानपणापासून जनावरांत वावरणारी. हटराइटांची शेती यंत्रांवरची आणि वस्तीपासून दूर. आमिशांच्या घरातल्या धुळीत जिवाणूंचे अंश जवळपास सातपट होते आणि त्यांनी मुलांच्या प्रतिकारशक्तीला योग्य वळण दिलं, असं २०१६ चा अभ्यास सांगतो. हे वाचून मुलाला खुशाल धुळीत लोळू द्यावं, असं कुणाला वाटेल. पण गोठ्यातली धूळ वेगळी आणि उड्डाणपुलाखालची वेगळी.

आपल्या घरांतला धूर तर अनेकदा मायेने केलेला असतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, वेखंड, लसणाची सालं टाकून बाळाला धुरी देण्याची रीत अजून अनेक ठिकाणी आहे. बाळाला ऊब मिळावी, मालिश व्हावी, हे उत्तमच. पण कोवळ्या फुप्फुसात धूर जाऊ नये. शेक चालेल, धूर नको. डासांच्या कॉइलचंही तेच. बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडू शकतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. मच्छरदाणी हा जुना उपाय त्यापेक्षा केव्हाही बरा. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत, खोलीतच वाळत घातलेले कपडे, महिनोन् महिने ऊन न दाखवलेल्या गाद्या आणि ‘मी गॅलरीतच ओढतो’ म्हणणाऱ्या वडिलांची सिगारेट, हेही त्याच यादीतलं.

त्याहून मोठं दुखणं म्हणजे दम्याला दमा न म्हणणं. ग्लोबल अस्थमा नेटवर्कने भारतात केलेल्या पाहणीत घरघरीचा त्रास असलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. ‘बाळदमा आहे, मोठं झाल्यावर जाईल’, ‘छाती भरते जरा’, ‘पंपची सवय लागते’ ही वाक्यं वर्षानुवर्षं चालतात. पंपाची सवय लागत नाही. त्यातलं औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने तोंडावाटे घेण्याच्या औषधापेक्षा ते फार थोडं पुरतं. लहान मुलांना ते मास्क लावलेल्या स्पेसरमधून देता येतं.

ताणाचा दुसरा रस्ता याच पंपाजवळून जातो आणि तो हार्मोनपेक्षा साधा आहे. रोजचा पंप मुलाला बरं वाटत असतानाही द्यावा लागतो. तीन रात्री जागलेली, नोकरी, सासर आणि हप्ते यांत पिळवटलेली आई तो विसरते. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनमधल्या एका अभ्यासात नैराश्याची लक्षणं जास्त असलेल्या मातांच्या दमेकरी मुलांना तातडीच्या विभागात अधिक वेळा न्यावं लागलं होतं. पुन्हा अटॅक, पुन्हा जागरण, पुन्हा खाडा, पुन्हा खर्च. आणि त्यातून आणखी ताण.

हे चक्र तोडायला मुलाला घरातून काढावं लागत नाही, आईलाही नाही. पंपाची वेळ दात घासण्याशी जोडली तर विसरणं कमी होतं. पंपानंतर चूळ भरणं आपोआप साधतं. ही जबाबदारी वडिलांनी घेतली तर फारच उत्तम, आणि आठवड्यातल्या काही रात्रीही त्यांनी किंवा आजीने वाटून घ्याव्यात. अटॅक आल्यावर काय, किती आणि कधी द्यायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन फ्रिजवर लावलं की मध्यरात्रीचा गोंधळ आणि एकमेकांवरचा आरडाओरडा दोन्ही कमी होतात. दवाखान्यात ‘घरात सध्या काही विशेष चाललंय का?’ असं डॉक्टरांनी विचारलं तर ते खासगीत नाक खुपसणं समजू नये. नोकरी गेली, आजोबा वारले, शाळा बदलली, नवरा-बायकोत बोलणं बंद आहे, हे सांगितल्याने औषधाचा डोस आणि पुढच्या भेटीची तारीख दोन्ही बदलू शकतात. बाळंतपणानंतर आईची झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, तर तिच्यासाठी वेगळी मदत घ्यावी; सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

मूल एक वाक्यही सलग बोलू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप देऊनही आराम पडत नसेल, तर ताण की धूळ हा विचार बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठावं किंवा १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाला झोपवू नये, ताठ बसवावं आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पंप देत राहावा.