बाइटचीं आठ घरें

गणकयंत्रांत शून्य किंवा एक मावणारें जें लहानसें घर, त्यास बिट म्हणतात. एका अक्षरास अशीं घरें किती द्यावींत? १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनींतील वेर्नर बुखोल्झ यांनीं ‘बाइट’ हा शब्द योजिला, तेव्हां त्याचें माप बदलतें होतें. स्मृति महाग, सबब पुष्कळांस सहाच पुरेसे वाटत. पण ६ बिटांत ६४ चिन्हें बसतात. इंग्रजीचीं मोठीं व धाकटीं अक्षरें नि अंक मिळूनच ६२ होतात. विरामचिन्हांस जागा हवी, म्हणून धाकट्यांस रजा मिळे! फ्रेड ब्रुक्स यांनीं यासाठींच आठांचा आग्रह धरिला. १९६४ च्या एप्रिलांत जाहीर झालेल्या ‘सिस्टिम/३६०’ यंत्रमालेंत तो टिकला. ती माला इतकी खपली, कीं इतरांनीं हळूहळू तेंच माप उचललें. मानकसंस्थांची मोहोर मागाहून उमटली.