सतरा ते बावीस

आपल्याकडे टेनिसची बातमी ठळक छापून येते ती दोन वेळा. एखादं सोळा-सतरा वर्षांचं पोर ज्युनिअर स्पर्धा जिंकतं तेव्हा, नाहीतर तिशी-चाळिशी ओलांडलेला खेळाडू दुहेरीचा करंडक उचलतो तेव्हा. मधल्या वर्षांची बातमी होत नाही, आणि खेळाडूचं काय होणार ते नेमकं त्याच वर्षांत ठरतं. युकी भांब्रीने २००९मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची मुलांची एकेरी जिंकली आणि तो ज्युनिअर क्रमवारीत जगात पहिला आला. पुरुषांच्या एकेरीत त्याची सर्वोत्तम मजल ८३व्या क्रमांकापर्यंत, तीही २०१८ साली. मध्ये दुखापतींनी बरीच वर्षं खाल्ली. त्याआधी रमेश कृष्णनने १९७९मध्ये फ्रेंच आणि विम्बल्डन ही दोन्ही ज्युनिअर विजेतेपदं मिळवली होती. तो पुढे २३व्या क्रमांकापर्यंत गेला. लिअँडर पेसने १९९०ला विम्बल्डनची मुलांची एकेरी जिंकली. त्याची एकेरीतली सर्वोत्तम क्रमवारी ७३. तिघांच्या गुणांबद्दल कुणाला शंका नव्हती. माझं म्हणणं एवढंच, की ज्युनिअर यशातून गुण दिसतो. त्या गुणाचं पुढे काय होणार, हे मात्र सतरा ते बावीस या वयात खर्चाला पाठीशी कोण आहे आणि खेळण्याजोगे सामने घरापासून किती लांब आहेत, यावर ठरतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाहून पाहिलं तर हे लवकर पटतं, कारण इथे कुठल्याही गोष्टीचा विचार अंतरापासूनच सुरू होतो.

ज्युनिअर स्पर्धांत कमावलेले गुण व्यावसायिक क्रमवारीत धरले जात नाहीत. अठरावं वर्ष सरलं की तो हिशेब बंद, नवा शून्यापासून. अलीकडे वर्षअखेरच्या पहिल्या वीस ज्युनिअर मुलांना चॅलेंजर स्पर्धांत काही राखीव जागा मिळू लागल्या आहेत. एकविसावा आला की तोही रांगेत. ही रांग सुरू होते एम-१५ नावाच्या स्पर्धांपासून. सगळी बक्षिसं मिळून १५ हजार डॉलर. एकेरीच्या विजेत्याला सुमारे २१६० डॉलर, पहिल्या फेरीत गारद होणाऱ्याला सुमारे १५६, आणि तेही कर कापण्याआधी. पात्रता फेरीतून येणारा मुलगा मुख्य सोडतीत पोचायच्या आधीच दोन-तीन सामने खेळलेला असतो. त्याने रॅकेटचं गटिंग एक-दोनदा तरी करून घेतलेलं असतं, आणि बुधवारी हरला तर पुढच्या स्पर्धेपर्यंतचं हॉटेलचं भाडं त्याच्याच खिशातून जातं. प्रशिक्षक सोबत असेल तर दोन तिकिटं, दोन खोल्या. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३च्या आकडेवारीवरून हा हिशेब मांडला होता. त्या वर्षी जवळपास १४ हजार जण व्यावसायिक स्पर्धांत उतरले, त्यांतल्या ४० टक्क्यांहून अधिक जणांना एक दमडीही मिळाली नाही. प्रशिक्षकाचा खर्च न धरताही पुरुष खेळाडूची मिळकत आणि खर्च यांची तोंडमिळवणी होत होती ती साधारण ३३६व्या क्रमांकावर, महिलांची २५३व्या. पुरुषांना पहिला गुण मिळाल्यापासून पहिल्या शंभरात यायला सन २०००मध्ये सरासरी ३.७ वर्षं लागत; २०१३पर्यंत ती ४.८ झाली. म्हणजे सतराव्या वर्षी पहिला गुण मिळवणाऱ्या गुणी मुलालाही बाविशीपर्यंत कुणीतरी पोसावं लागतं.

पुण्याच्या मानस धामणेची वाटचाल या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. २००७चा जन्म. २०२३च्या जानेवारीत बालेवाडीत टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी २५० दर्जाची स्पर्धा झाली, तीत त्याला पंधराव्या वर्षी वाइल्ड कार्ड मिळालं. जगात ११५व्या असलेल्या मायकेल मोहने त्याला ६-२, ६-४ असं हरवलं. स्कोअर लाजिरवाणा नव्हता. तेव्हा तो इटलीतल्या बोर्दिगेरा इथे रिकार्दो पियाती यांच्या केंद्रात शिकत होता, जिथे यानिक सिनर घडला. पण वाइल्ड कार्ड म्हणजे वरच्या मजल्याचं एक दिवसाचं दर्शन. त्यानंतर त्याला उतरावं लागलं ते तळघरातच. ट्युनिशियातल्या मोनास्तिरला, जिथे एम-१५ स्पर्धा आठवड्यामागून आठवडे चालूच असतात, तिथे २०२५ साली त्याने पहिलं व्यावसायिक विजेतेपद मिळवलं. मधल्या दोन-सव्वादोन वर्षांना अपयश म्हणणाऱ्याला ही शिडी कळलेली नाही. आणि ज्या स्पर्धेने त्याला दार उघडून दिलं, ती २०१८ला चेन्नईहून पुण्यात आली होती आणि २०२३नंतर हाँगकाँगला गेली. बालेवाडीतलं ते दार पुढच्या पंधरा वर्षांच्या पोरासाठी बंद झालं.

यावर नेहमीचा आक्षेप असा: खरा गुण असेल तर तो वाट काढतोच. उदाहरण म्हणून सुमित नागल पुढे केला जातो. हरियाणातल्या जैतपूरचा, शिक्षकाचा मुलगा, २०१५मध्ये विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीचा विजेता. पण याच नागलने सप्टेंबर २०२३मध्ये, एकेरीत भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना, आपल्या खात्यात ९०० युरो उरल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. नोकरी होती, एका प्रतिष्ठानची मदतही होती, तरी वर्षाचा खर्च भागत नव्हता. बोलल्यावर मदत आली. चार महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवलं. पुढच्याच महिन्यात तो चेन्नईचा चॅलेंजर जिंकून पहिल्या शंभरात आला आणि जुलै २०२४मध्ये ६८व्या क्रमांकावर पोचला. शंभराच्या आत पाऊल पडलं ते घरच्या स्पर्धेत, ही गोष्ट नजरेआड करू नये. सानिया मिर्झाचं पहिलं डब्ल्यूटीए विजेतेपदही २००५मध्ये हैदराबादलाच. कोइम्बतूरची माया राजेश्वरन पंधराव्या वर्षी डब्ल्यूटीए १२५ स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेली, तेही २०२५मध्ये मुंबईत. गुण वाट काढतो हे खरं; पण ही वाट घराजवळून जात असेल तर त्याला ती काढता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आपल्याच भागातून येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची मुलं मे २०१८मध्ये एव्हरेस्टवर पोचली: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे, विकास सोयाम. 'मिशन शौर्य' या सरकारी मोहिमेत दहा जण निवडले होते, त्यांतले पाच शिखरावर गेले. मग तशीच मोहीम टेनिसची का नको? योगायोग असा की टेनिसमध्येही एक 'मिशन २०१८' होतं. महेश भूपती आणि अपोलो टायर्स यांनी देशभरातून लहान मुलं निवडून २०१८पर्यंत एकेरीचा ग्रँड स्लॅम विजेता घडवायचं ठरवलं होतं. नागल त्याच मुलांतला. ती योजना काही वर्षांतच गुंडाळली गेली. एव्हरेस्टची मोहीम साधली आणि टेनिसची फसली याचं कारण मुलांच्या कुवतीत शोधू नये. गिर्यारोहणाला ठरावीक काळाचं कडक प्रशिक्षण, एक मोठा खर्च आणि एक हंगाम लागतो, आणि शिखर गाठलं की ते नावावर कायमचं. टेनिसमध्ये मिळवलेला प्रत्येक गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतो. तो पुन्हा कमवायला पुन्हा प्रवास. तिथे एकदाच दिलेला निधी पुरत नाही, दरवर्षी न चुकता मिळणारा लागतो. आपल्या योजनांना उद्घाटन जमतं, नवव्या वर्षीचा हप्ता जमत नाही.

अमेरिकन विद्यापीठांचा मार्ग हे यावरचं उत्तर म्हणून सुचवलं जातं, आणि ते बऱ्याच अंशी चांगलं उत्तर आहे. श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात खेळली, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमध्ये. शिक्षण, राहणं, प्रशिक्षक, सामने सगळं शिष्यवृत्तीत, म्हणजे तीच अवघड वर्षं दुसऱ्याच्या खर्चाने पार. ऋतुजाने ३० सप्टेंबर २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पहिला सेट २-६ गमावून ६-३, १०-४ असं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. पण त्या शिष्यवृत्तीसाठी आधी बहुधा आंतरराष्ट्रीय ज्युनिअर क्रमवारी लागते, आणि ती मिळवायला तेराव्या-चौदाव्या वर्षापासून हिंडावं लागतं. मार्ग खरा आहे, फक्त त्याचं प्रवेशद्वार पुण्या-मुंबईत आहे. अंकिता रैनाही २००७मध्ये अहमदाबादहून आईसोबत पुण्याला आली, हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकायला, आणि पुढे १६०व्या क्रमांकापर्यंत गेली. खेळाडू टेनिसच्या गावी जातो, टेनिस खेळाडूच्या गावी येत नाही.

मग सिरोंचाने या भानगडीत पडावंच कशाला? आलापल्लीकडचा रस्ता आधी धड करा, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याच बाजूने आहे. इथे कोर्ट बांधावं असंही माझं म्हणणं नाही. रोज चेंडू मारून देणारा मार्कर आणि शिकवणारा माणूस नसेल तर त्या सिमेंटवर हंगामात मिरच्या वाळतील. पण प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरून नकाशा पाहिला तर पुणे हे राज्याचं दुसरं टोक आहे, आणि गोदावरीवरचा पूल ओलांडून कालेश्वरम, वरंगलमार्गे हैदराबाद मात्र नागपूरपेक्षाही जवळ. सानियाची अकादमी तिथेच, शहराबाहेर मुर्तुझागुडाला आहे. अखिल भारतीय टेनिस संघटनेची नोंदणी असलेल्या मुलाला दुसऱ्या राज्यातल्या स्पर्धाही खेळता येतात, आणि घरात तेलुगू बोलणाऱ्या सिरोंचाच्या पोराला तर तिथे भाषाही अडणार नाही. अशा एखाद्या मुलीसाठी कुणी योजना आखलीच, तर पहिला खर्च रॅकेटचा धरू नये. तो धरावा हैदराबादेत तिच्यासोबत राहणाऱ्या आईच्या खोलीभाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा. दुसरा धरावा अठराव्या वर्षानंतरच्या चार वर्षांचा, आणि तो पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवावा.