सहा बटणं, सहा आकडे, एक किल्ला

संगणकाच्या कीबोर्डला मराठी येत नाही. इंग्रजीही येत नाही. ‘के’ छापलेलं बटण दाबलं की कीबोर्डकडून संगणकाकडे जातो तो फक्त एक आकडा, १४. यूएसबीने जोडलेला कीबोर्ड पुण्यातला असो की पॅरिसमधला, त्या जागेवरच्या बटणाचा आकडा हाच. त्या १४चा इंग्रजी ‘के’ करायचा, मराठी ‘क’ करायचा की रशियन लिपीतलं एखादं अक्षर, हे संगणकाच्या आत ठेवलेल्या एका तक्त्यावरून ठरतं. म्हणजे दुकानातून आणलेला, फक्त इंग्रजी अक्षरं छापलेला कीबोर्ड पहिल्या दिवसापासून मराठीसाठीही तितकाच तयार असतो. ही गोष्ट शाळेतच सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शाळेत इनपुट आणि आउटपुट साधनांच्या दोन याद्या पाठ करून घेतात. कीबोर्ड, माउस, स्कॅनर, मायक्रोफोन एकीकडे. पडदा, प्रिंटर, स्पीकर दुसरीकडे. परीक्षेत जोड्या लावल्या की विषय संपतो. पण त्या दोन याद्यांच्या मधे नेमकं काय घडतं, ते आपल्या लिपीच्या बाबतीत फार पाहण्यासारखं आहे. त्यासाठी एकच शब्द घेऊ, ‘किल्ला’. तो संगणकात कसा शिरतो आणि बाहेर कसा पडतो, ते बघू.

कीबोर्डच्या बटणांखाली प्लॅस्टिकचे पातळ थर असतात आणि त्यांवर विजेच्या वाटा आडव्या-उभ्या ओळींत छापलेल्या असतात. एक छोटी चिप एकेका आडव्या ओळीत विद्युतप्रवाह सोडते आणि तो कुठल्या उभ्या ओळीतून परत येतो ते तपासत राहते. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी ओळ जोडली जाते, आणि दोन्हींवरून बटणाची जागा कळते. धातूचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात. चिप तेवढा वेळ थांबते, नाहीतर एकदा दाबलेल्या बटणाचे तीन-चार ‘क’ उमटले असते.

आता तक्ता. मराठीसाठी विंडोजमध्ये आधीपासून असलेला तक्ता आहे इनस्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ साली प्रमाण म्हणून ठरवला. त्याची रचना इतकी सुबक आहे की ती एकदा समजली की विसरणं अवघड. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताखाली, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताखाली. शिफ्ट दाबला की क चा ख होतो, ग चा घ, त चा थ, द चा ध, प चा फ. बाराखडी घोकलेल्या कुणाच्याही बोटांना ही जोडी लगेच पटते. शिवाय गुजराती, कन्नड, तेलुगू, बंगाली या लिप्यांमध्येही ‘क’ त्याच बटणावर आहे. सोलापूरच्या किंवा बेळगावच्या ज्या माणसाला मराठी आणि कन्नड दोन्ही लिहायचं असतं, त्याची बोटं एकदा शिकली की दोन्ही भाषांना पुरतात.

‘किल्ला’ लिहायला सहा बटणं लागतात. क, वेलांटी, ल, हलन्त म्हणजे पाय मोडण्याची खूण, पुन्हा ल आणि काना. कीबोर्ड १४, ९, १७, ७, १७, ८ असे सहा आकडे पाठवतो. तक्ता त्यांचे दुसरे सहा आकडे करतो: २३२५, २३६७, २३५४, २३८१, २३५४, २३६६. हे युनिकोडचे क्रमांक. जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला आणि खुणेला तिथे एक कायमचा क्रमांक आहे. देवनागरीच्या मुख्य गटाला २३०४ ते २४३१ या १२८ जागा मिळाल्या आहेत. आपला ‘ळ’ २३५५वर आहे. ‘किल्ला’ संगणकात साठतो तो या सहा आकड्यांच्या रूपात, त्यात चित्र कुठेच नाही.

क्रम पाहा. आपण कागदावर ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी काढतो, पण उच्चारताना आधी क् आणि मग इ. साठवणीतला क्रम उच्चाराचा आहे, आधी क, मग वेलांटी. हा निर्णय युनिकोडच्याही आधीचा. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम केलं. ते पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट या नावाने वाढलं. त्यातून सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच संकेतपद्धत आली, इस्की, आणि १९९१ साली ती भारतीय मानक झाली. युनिकोडने भारतीय लिप्या घेताना इस्कीचाच आराखडा घेतला. आज जगभरच्या फोनमध्ये आपली लिपी ज्या क्रमाने साठते, त्याची मुळं कानपूर आणि पुण्यात आहेत.

टाइपरायटरवर शिकलेल्यांना हा क्रम जड गेला, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. छापखान्यात देवनागरी जुळवायला शेकडो खिळे लागत. टाइपरायटरवर जागा होती जेमतेम नव्वद खुणांना. त्यामुळे अर्धी अक्षरं आणि काना वेगळे ठेवून जोडाक्षर तुकड्यातुकड्यांनी रचावं लागे. तिथे वेलांटी आधीच मारायची, कारण कागदावर ती आधी येते. तालुक्याच्या गावांतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून कितीतरी पिढ्यांनी हे कौशल्य कमावलं, परीक्षा परिषदेची तीस आणि चाळीस शब्दांची प्रमाणपत्रं घेतली आणि त्यावर नोकऱ्या केल्या. संगणक आल्यावर त्यांच्यासाठी टाइपरायटरचाच तक्ता संगणकात आणला गेला. ते माणुसकीला धरूनच होतं. अडचण झाली ती वेगळ्या ठिकाणी.

नव्वदच्या दशकातल्या बहुतेक मराठी फॉन्टांनी टाइपरायटरचे ते तुकडे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवले. पडद्यावर ‘किल्ला’ दिसे, पण आत साठलेली असत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तोच फॉन्ट असलेल्या संगणकावर मजकूर नीट वाचता येई. दुसरीकडे फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. कार्यालयांतले आदेश, वर्तमानपत्रांचे अंक, दिवाळी अंक, पुस्तकांच्या फाइली अशा कितीतरी मजकुरावर ही वेळ आली. त्या फाइलींत ‘किल्ला’ शोधला तर सापडत नाही, कारण तो तिथे नाहीच. तिथे आहे फक्त त्याच्या आकाराचा आभास. इनपुटच्या वेळी घेतलेली सोय आउटपुटच्या सगळ्या वाटा बंद करते, ती अशी.

पडदा हे आउटपुटचं साधन आपल्या लिपीला सुरुवातीला फार अपुरं पडलं. १९८१च्या आयबीएम पीसीच्या रंगीत पडद्यावर एका अक्षराला आठ गुणिले आठ ठिपक्यांची जागा होती. इंग्रजी अक्षर त्यात नीट बसे. ‘मूर्ती’ कशी बसवणार? वर वेलांटी, तिच्यावर रफार, खाली दीर्घ उकार, मधे शिरोरेघ आणि अक्षर. म्हणून जिस्टचं एक वेगळं कार्ड संगणकात खोचावं लागे आणि मग पडद्यावर भारतीय लिपी उमटे. आजच्या साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळपास २१ लाख ठिपके असतात. प्रत्येकात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन भाग, आणि हे सगळं बहुधा सेकंदाला साठ वेळा नव्याने उमटतं. ठिपक्यांची चणचण संपली.

पण सहा आकड्यांवरून आकार ठरवायचं काम उरतंच. ते करणारा प्रोग्रॅम आधी वेलांटी उचलून ‘क’च्या डावीकडे नेतो, कारण वाचणाऱ्याला ती तिथेच हवी असते. मग ल, हलन्त आणि ल हे तीन आकडे एकत्र पाहून फॉन्टकडे ‘ल्ल’साठी काय आकार आहे ते विचारतो. एखादा फॉन्ट अर्धा ल आणि पूर्ण ल शेजारी ठेवतो, एखादा एकाखाली एक. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड फोन यांत हे काम हार्फबझ नावाचा मुक्त प्रोग्रॅम करतो. आत काय साठलंय ते पाहायचं असेल तर ‘किल्ला’ टाइप करून मागे पुसण्याचं बटण एकेकदा दाबा. आधी फक्त काना जातो, मग दुसरा ल, मग पाय मोडल्याची खूण. जोडाक्षर डोळ्यांसमोर सुटं होत जातं.

इथे एक नाव आदराने घ्यायला हवं. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवणारे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट केला. कितीतरी लोकांनी पडद्यावरचं पहिलं युनिकोड मराठी वाचलं ते याच अक्षरांत. अलीकडे मुंबईच्या एक टाइप या गटाने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’सारखे मोफत फॉन्ट दिले. आज देवनागरी फॉन्टांची वानवा राहिलेली नाही.

कागदावर उतरायच्या वाटा निरनिराळ्या. बँकेचं पासबुक छापणारा प्रिंटर अजून सुयांचा असतो. शाईच्या फितीवर सुया आपटतात आणि अक्षर उमटतं. अशा प्रिंटरने कार्बन घालून दोन-तीन प्रती एकदम निघतात, म्हणून तो टिकला. जुन्या नऊ सुयांच्या प्रिंटरला एका फेरीत रफार आणि उकार झेपत नसे. अक्षराचं चित्र करून एकाच ओळीवर पुन्हा फेऱ्या माराव्या लागत. लेझर प्रिंटरमध्ये विद्युतभारित दंडगोलावर प्रकाशाने अक्षर काढतात, तेवढ्या भागाला शाईची पूड चिकटते, कागदावर उतरते आणि तापलेल्या रुळांखाली वितळून पक्की होते. एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं यंत्र म्हणजे इनपुट आणि आउटपुट एकाच मुठीत. टप्पा टाकायचा, की तिकीट बाहेर. त्यात शाई नसतेच. कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो, म्हणून ते तिकीट उन्हात राहिलं की पुसट होत जातं. प्रवासखर्चाच्या बिलाला जोडायचं असेल तर त्याची झेरॉक्स लगेच काढावी.

माउसला लिपी नसते, त्यामुळे त्याच्यावर इथे थोडक्यात. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीरपणे दाखवला. आजचा माउस खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला शेकडो-हजारो छायाचित्रं घेऊन आपण किती सरकलो ते काढतो. स्कॅनरची गोष्ट मात्र लिपीशी येऊन अडते. तो पानाचं चित्र घेतो, त्यात अक्षर नसतं, ठिपके असतात. इंग्रजीत छापील अक्षरं सुटी असतात, आपली शिरोरेघेने जोडलेली. म्हणून चित्रातून मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला आधी रेघ आणि अक्षर वेगळं करावं लागतं. मायक्रोफोनवरून मराठी बोलून लिहिण्याची सोय गूगलने २०१७ साली दिली आणि ज्यांना टायपिंग शिकायला कधी वेळच मिळाला नाही, त्यांना लिहितं केलं. गावांची नावं आणि बोलीतले शब्द तिथे अजून वारंवार चुकतात.

सगळ्यात महत्त्वाचं आउटपुट, स्पीकरमधून येणारा आवाज, मात्र यादीत कोपऱ्यात असतं. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून उभा केलेला एनव्हीडीए हा मोफत प्रोग्रॅम पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, मराठीसुद्धा. त्याला आकार दिसत नाहीत, आकडे कळतात. २३२५ नंतर २३६७ आला की तो ‘कि’ म्हणतो. ब्रेलचा पडदाही असतो. त्यात प्रत्येक अक्षरासाठी सहा किंवा आठ टोकं वरखाली होतात आणि बोटांनी वाचायचं असतं. भारती ब्रेलमध्येही ‘क’ आधी आणि त्याचा स्वर नंतर, उच्चाराच्याच क्रमाने. पण जुन्या फॉन्टमधली फाइल समोर आली की हाच प्रोग्रॅम रोमन अक्षरं बडबडू लागतो. डोळसांना नीट वाचता येणारं पत्रक दृष्टिहीन माणसाला बंद होतं, आणि ते बंद झाल्याचं पत्रक काढणाऱ्याला कळतही नाही. शाळेची सूचना, भरतीची जाहिरात, ग्रामपंचायतीचा ठराव, जे सगळ्यांसाठी आहे ते युनिकोडमध्येच लिहिलं गेलं पाहिजे. यात मला सवलत द्यावीशी वाटत नाही.

रोमन अक्षरांत ‘के आय एल एल ए’ टाइप करून मराठी उमटवण्याची पद्धत सोपी आहे आणि तीही युनिकोडच साठवते, म्हणून तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण पाचवीतल्या मुलाने मराठी लिहायला आधी इंग्रजी स्पेलिंग मनात का जुळवावं? त्याला बाराखडी येते. इनस्क्रिप्टला तेवढंच पुरतं. ‘दऱ्या’ हा शब्द रोमन वाटेने लिहिताना मोठी माणसंही अडतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’च्या बटणावर तो वेगळा ऱ आहे, मग हलन्त, मग य.

विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज आणि तिथे मराठी जोडावी; इनस्क्रिप्टचा तक्ता सोबत येतो. विंडोजचं बटण दाबून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकत्र दाबली की पडद्यावरच कीबोर्ड उघडतो, त्यावर अक्षरांच्या जागा देवनागरीत दिसतात. तो समोर उघडा ठेवून रोज एक परिच्छेद लिहिला की काही आठवड्यांत त्याच्याकडे बघावं लागत नाही. स्टिकर विकत आणायचीही गरज नाही.