शार्लटच्या शालेय हद्दी

कोणते मूल कोणत्या शाळेत जाईल हे ठरविणारी रेषा नकाशावर ओढणे हे वरकरणी कचेरीतील कारकुनी काम वाटते. परंतु जेथे वस्तीच वर्णावरून विभागलेली असते, तेथे ती रेषा ओढणारा हात मुलांच्या भवितव्याचीच वाटणी करीत असतो. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यातले शार्लट शहर आणि त्याच्या भोवतीचा मेक्लेनबर्ग परगणा यांनी गेल्या साठ वर्षांत ही वाटणी अनेकदा मोडली आणि पुन्हा मांडली. त्यांतील एका वेळी, १९७४ साली, ती शहरातील सामान्य नागरिकांनी एकत्र बसून मांडली, आणि त्या प्रयत्नाचे स्मरण मला सर्वांत मोलाचे वाटते.

१९६० साली शहराचे आणि परगण्याचे शिक्षणमंडळ एक झाले, आणि पूर्व-पश्चिम बावीस मैल व दक्षिणोत्तर छत्तीस मैल पसरलेला साडेपाचशे चौरस मैलांचा मुलूख एकाच दप्तराखाली आला. पुढचे सारे या एकीकरणामुळेच शक्य झाले, कारण शहर सोडून उपनगरात बिऱ्हाड हलविणाऱ्या गोऱ्या कुटुंबाला येथे मंडळाच्या हद्दीबाहेर सहजासहजी पडता येत नसे. याउलट डेट्रॉइट शहराची उपनगरे निराळ्या मंडळांच्या अमलाखाली होती. त्यांना शहराच्या शाळा मिश्र करण्याच्या योजनेत ओढण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या जुलैत नकार दिला, आणि तेथील मुलांच्या बाबतीत समतेची वाट तेवढ्यावरच खुंटली.

शाळा मिश्र व्हाव्यात म्हणून शार्लटमध्ये उभ्या राहिलेल्या खटल्याचा धागा आपल्या देशाशीही जुळतो. भारतात मिशनरी म्हणून अनेक वर्षे राहिलेले डॅरियस आणि व्हेरा स्वान हे कृष्णवर्णीय दांपत्य १९६४ साली मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला सेव्हर्सव्हिल या मिश्र शाळेऐवजी बिडलव्हिल या केवळ कृष्णवर्णीयांच्या शाळेत नेमण्यात आले. त्यांनी मंडळाकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला, आणि १९६५ च्या जानेवारीत ज्यूलियस चेंबर्स या तरुण वकिलाने त्यांच्यासह इतर कुटुंबांच्या वतीने दावा गुदरला. त्याच वर्षी चेंबर्स यांच्या घरावर बाँब पडला. ते आपल्या कामापासून तसूभरही हटले नाहीत. न्यायालयापुढे आलेले आकडे असे होते: मंडळाच्या १०७ शाळांत ८४,००० मुले, त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा २९, आणि तरीही सुमारे १४,००० कृष्णवर्णीय मुले अशा एकवीस शाळांत कोंडलेली, की ज्यांत गोरे मूल औषधालाही सापडू नये.

हा खटला चालविणारे न्यायमूर्ती जेम्स मॅकमिलन हे शार्लटचेच रहिवासी असून मुलांना बसने दूरवर नेण्याची कल्पना प्रारंभी त्यांनाही रुचत नव्हती. तथापि घरांच्या विक्रीवरील निर्बंध, रस्त्यांची आखणी, जुन्या वस्त्या पाडून केलेली नगरसुधारणा आणि शाळांच्या जागांची निवड या साऱ्यांत शासनाचा हात किती खोलवर होता हे पुराव्यातून उलगडत गेले, तसे त्यांचे मत पालटले, आणि १९६९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मंडळाला नवी योजना आणण्याचा हुकूम दिला. त्यांच्या पुतळ्याला फाशी देण्यात आली, धमक्या आल्या, जुने स्नेही दुरावले. मंडळ टाळाटाळ करीत राहिले, तेव्हा न्यायालयाने जॉन फिंगर या शिक्षणतज्ज्ञाची नेमणूक केली. त्यांच्या योजनेत माध्यमिक शाळांच्या हद्दी शहराच्या मध्यापासून उपनगरांकडे पसरत जाणाऱ्या पाचरींच्या आकाराच्या होत्या, आणि प्राथमिक शाळांच्या जोड्या लावल्या होत्या: पहिली ते चौथीपर्यंतची कृष्णवर्णीय मुले बाहेरच्या शाळेत जावीत, आणि पाचवी-सहावीची गोरी मुले शहरातल्या शाळेत यावीत. १९७० च्या सप्टेंबरात योजना अमलात आली, आणि २० एप्रिल १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती उचलून धरली.

विरोधकांची मागणी एकच होती: आमच्या शेजारची शाळा आम्हांला द्या. स्वान यांचा दावा उभा राहिला त्याच सुमारास, १९६४ ते १९६६ या वर्षांत, आपल्याकडे कोठारी आयोग काम करीत होता, आणि कोल्हापूरकडचे थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे त्याचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगाने शेजारशाळेचाच पुरस्कार केला, परंतु परिसरातील श्रीमंत-गरीब आणि सर्व जातींची मुले एका बाकावर बसावीत म्हणून. एकाच तत्त्वाने एका देशात भिंत राखावी आणि दुसऱ्या देशात ती पाडावी, याचे कारण शेजार कसा घडविला गेला आहे यात आहे. जेथे शेजारच कायद्याने आणि पैशाने निवडून घेतलेला, तेथे शेजारशाळा ही त्या निवडीचीच मोहोर ठरते.

फिंगर यांच्या योजनेत आणि नंतर मंडळाने तीत केलेल्या फेरफारांत मोठा दोष होता, तो भाराच्या विषम वाटणीचा. अगदी लहान कृष्णवर्णीय मुलांना वर्षानुवर्षे दूरचा प्रवास, त्यांच्या जुन्या आणि मानाच्या शाळांना टाळे, आणि गोऱ्यांपैकी ज्यांच्या मुलांना बसमध्ये बसावे लागे ते बहुतांशी उत्तरेकडील व पश्चिमेकडील कामकरी लोक. आग्नेयेकडील ज्या धनिक वस्त्यांत शहराचे पुढारी राहत, त्यांची मुले घराजवळच्या शाळेत सुखाने शिकत होती. कामकरी गोऱ्यांचा संताप केवळ वर्णद्वेषाचा होता असे समजणे अन्यायाचे होईल. हद्दी दरवर्षी बदलत असल्यामुळे पुढल्या वर्षी मूल कुठे जाणार याचा कोणालाच भरवसा उरला नव्हता.

अशा वेळी नागरिकांचा एक सल्लागार गट पुढे आला, आणि त्याचे नेतृत्व मॅगी रे या महिलेकडे होते. या गटात बसच्या बाजूची माणसे होती तशीच विरोधातलीही होती. आणि येथेच मला या प्रकरणाचा गाभा दिसतो. लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याचा शिरस्ता सर्वत्र असतो: सभागृहात सुनावणी ठेवायची, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे द्यायची, हरकती नोंदवून दप्तरी दाखल करायच्या. अशा सुनावणीत ज्याला सायंकाळी मोकळीक असते, ज्याला बोलण्याचा सराव असतो आणि ज्याच्या घराची किंमत हद्दीवर अवलंबून असते, त्याचाच आवाज वरचढ ठरतो. आणि प्रत्येक जण केवळ आपल्या मुलापुरते मागून निघून जातो. शार्लटच्या गटाला हे करता येणार नव्हते. न्यायालयाचा हुकूम कायम असल्यामुळे शाळांत दोन्ही वर्णांची मुले एकत्र आणावयाची की नाही हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. भार कोणी किती वाहायचा एवढाच प्रश्न होता, आणि एका वस्तीला दिलेली सवलत दुसऱ्या कोणत्या वस्तीच्या अंगावर पडते हे नकाशावर लगेच दिसत होते. ज्यांना न्यायालयाचा निकालच मान्य नव्हता, तेही या हिशेबात न्यायाचीच भाषा बोलू लागले: आमची मुले जाणार असतील, तर त्यांचीही जावोत. मंडळ कुरकुरत होते. मॅकमिलन यांनी आपले वजन गटाच्या पारड्यात टाकले, आणि १९७४ च्या उन्हाळ्यात भाराच्या न्याय्य वाटणीच्या तत्त्वावर बेतलेल्या योजनेला मंजुरी मिळाली.

ईस्टओव्हरसारख्या धनिक वस्तीची मुले वेस्ट शार्लट या कृष्णवर्णीयांच्या जुन्या शाळेत दाखल झाली. ज्या शाळेला पुरेशी साधनसामग्रीही मिळत नव्हती, तिच्याकडे शहरातील वजनदार कुटुंबांचे लक्ष आता आपोआप वळले, कारण त्यांची स्वतःची मुले तेथे होती. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये शाळेच्या बसगाड्यांवर दगड पडत असताना वेस्ट शार्लटच्या विद्यार्थ्यांनी तेथील विद्यार्थ्यांना आपल्या शहरी येऊन पाहण्याचे निमंत्रण दिले. दहा वर्षांनी, १९८४ च्या निवडणुकीत, अध्यक्ष रेगन यांनी शार्लटच्या सभेत मुलांना बसने नेण्याच्या धोरणावर टीका केली, तेव्हा तोवर जयघोष करणारे श्रोते स्तब्ध राहिले, आणि शार्लटच्या प्रमुख वृत्तपत्राने अध्यक्ष चुकले असे अग्रलेखात स्पष्ट बजावले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. शहर झपाट्याने वाढले, नवे रहिवासी आले, आणि १९७४ चा करार ज्यांनी घडविला नव्हता त्यांना तो केवळ गैरसोय वाटू लागला. १९९२ पासून सक्तीच्या जोड्यांऐवजी विशेष अभ्यासक्रमाच्या शाळा काढून मुले आकर्षित करण्याचे धोरण आले. १९९७ साली एका गोऱ्या पित्याने, वर्णाच्या प्रमाणामुळे आपल्या मुलीला अशा शाळेत प्रवेश नाकारला गेला म्हणून, फिर्याद केली. १९९९ साली न्यायमूर्ती रॉबर्ट पॉटर यांनी, जे न्यायाधीश होण्यापूर्वी स्वतः बसविरोधी चळवळीत होते, मंडळाला जुन्या हुकुमातून मुक्त केले. आणि २००२ पासून घराजवळच्या शाळेवर आधारलेली योजना लागू झाली. आता लोकांचे म्हणणे ऐकले जात नव्हते असे मुळीच नाही. प्रत्येक कुटुंबाची पसंती कागदावर नोंदवून घेतली जात होती. परंतु पूर्वी ज्या टेबलाशी आपल्या मुलाबरोबर परक्याच्या मुलाचाही विचार करणे भाग होते, ते टेबलच उठले होते. वेस्ट शार्लट थोड्याच वर्षांत पुन्हा जवळजवळ सर्वस्वी कृष्णवर्णीय आणि गरीब मुलांची शाळा झाली.

२०१४ साली अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील पन्नास मोठ्या नागरी क्षेत्रांची तुलना केली, तीत तळच्या उत्पन्नगटात जन्मलेले मूल वरच्या गटात पोहोचण्याच्या बाबतीत शार्लट शेवटच्या क्रमांकावर आले. अशा मुलांपैकी शंभरात चार-पाचच वर चढत होती. हा सारा दोष शाळांच्या हद्दींवर लादणे बरोबर नाही, पण आकडा ऐकून शहर हादरले आणि हद्दींचा विषय पुन्हा मांडला गेला. २०१७ साली मंडळाने काही प्राथमिक शाळांच्या जोड्या मंजूर केल्या: डिलवर्थ आणि सेजफील्ड, कॉट्सवोल्ड आणि बिलिंग्सव्हिल, लहान मुले एका इमारतीत, थोडी मोठी दुसरीत. पद्धत फिंगर यांच्याच योजनेतली, पण या वेळी न्यायालयाचा हुकूम नसताना मंडळाने ती आपखुशीने स्वीकारली, आणि सधन व निर्धन वस्त्यांतील पालकांनी ती मान्य केली किंवा निदान सहन केली. परगण्यातील उरलेल्या नकाशाचा बराचसा भाग मात्र जसा होता तसाच राहिला. ईस्टओव्हर आणि वेस्ट शार्लट यांच्या हद्दी पुन्हा जोडल्या गेल्या नाहीत.